भिंतीपासून भिंतीपर्यंत : दाट वस्तीतील रस्तारुंदीच्या अभ्यासाची प्रस्तावना

रस्त्याच्या रुंदीविषयी कुणी आपण होऊन वाचायला बसेल, असे सहसा घडत नाही. किल्ले, मंदिरे, जुने वाडे यांच्या अभ्यासकाला श्रोते मिळतात. रस्तारुंदीचे नाव काढले की बहुतेकांना आठवते ती महापालिकेची नोटीस, भिंतीवर लाल रंगाने मारलेली खूण आणि दुकानाची पायरी उखडायला आलेला जेसीबी. तरीही ज्या वाचकांनी हे पान उघडले आहे, त्यांचे मनापासून स्वागत. विषय रुक्ष वाटेल अशी शंका मनात असेल तर ती काही पाने बाजूला ठेवावी, एवढीच विनंती.

या विषयाकडे लक्ष का द्यावे? पहिले कारण म्हणजे त्याचे आयुष्य. शहरातली घरे पडतात, नवी उभी राहतात, मालक बदलतात, दुकानांच्या पाट्या बदलतात. रस्त्याची रेषा मात्र सहजी हलत नाही. पुण्याच्या पेठांत वाड्यांच्या जागी इमारती आल्या, पण कित्येक बोळ ज्या वळणाने जात होते त्याच वळणाने आजही जातात. आज एखाद्या गल्लीपुढे जो आकडा लिहिला जाईल, तो अजून जन्माला न आलेल्या माणसांच्या खिडकीत किती ऊन येईल हे ठरवणार आहे. दुसरे कारण असे की हा आकडा फक्त वाहतुकीचा नसतो. समोरच्या इमारतीला किती मजले मिळतील, आग लागली तर बंब कुठवर पोचेल, म्हातारे माणूस पदपथावरून चालेल की गाड्यांमधून वाट काढेल, भाजीवालीला टोपली ठेवायला जागा उरेल की नाही, या सगळ्याचा निकाल त्यात लागलेला असतो. रस्तारुंदीचे मानक म्हणजे जागेची वाटणी आहे, आणि वाटणी म्हटली की कुणाच्या वाट्याला काय आले हे विचारणे ओघाने आलेच. हा प्रश्न हाताशी ठेवला, तर नियमावल्यांची कंटाळवाणी कोष्टकेही बोलू लागतात.

रुंदी ठरवण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुर्गनिवेशाच्या प्रकरणात रस्त्यांची रुंदी प्रकारानुसार दिली आहे : रथांचे मोठे मार्ग चार दंडांचे, म्हणजे सुमारे २४ फुटांचे, लष्करी तळाकडे, स्मशानाकडे आणि गावाकडे जाणारे मार्ग आठ दंडांचे. त्याच यादीत पुढे गुरांची वाट येते आणि शेवटी लहान जनावरांसाठी व पायी चालणाऱ्या माणसांसाठी दोन अरत्नींची, म्हणजे साधारण तीन फुटांची वाट. पायी चालणारा यादीत अगदी तळाशी आहे, पण आहे. रा. प. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा भाग अभ्यासकांना नीट उपलब्ध झाला. विसाव्या शतकातल्या कित्येक नियमावल्यांत वाहनांच्या वेगाचे कोष्टक सापडते आणि पादचारी सापडत नाही, हे पाहिले की त्या तीन फुटांचे महत्त्व कळते.

आधुनिक अर्थाने हा विषय महाराष्ट्रात जन्मला तो मात्र एका साथीतून. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान झाले. ते करणारे डॉ. अकासियो व्हिएगास मूळचे गोव्याचे, हडफड्याचे. दूषित हवा आणि अंधार यांतून रोग फैलावतो, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती; उंदीर आणि पिसवा यांची भूमिका नंतर स्पष्ट झाली. समजूत अपुरी होती, पण तिच्यातून शहराचे रूप पालटले. १८९८ मध्ये कायद्याने मुंबई सुधार न्यास, म्हणजे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला आणि दाट वस्तीतून समुद्रावरचा वारा आत नेणारे रुंद रस्ते आखले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट (आजचा शामळदास गांधी मार्ग), सँडहर्स्ट रोड (आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) आणि मोहम्मद अली रोड ही त्यातली ठळक उदाहरणे. वाचकांनी या भागात कधी फिरताना रस्त्याच्या आसावर थांबून समुद्राची दिशा पाहावी. त्या रुंदीमागचा हेतू नकाशापेक्षा तिथे लवकर उमगतो.

न्यासाच्या कामाचा एक भाग विशेष अभ्यासण्याजोगा आहे. न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास उजेडाच्या कोनाचा नियम हिरिरीने मांडला. खोलीच्या खिडकीतून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर पाहिले तर आकाश दिसले पाहिजे, मध्ये समोरची भिंत येता कामा नये. भूमितीत त्याचा अर्थ सोपा होतो : समोरची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. बोळ दहा फुटांचा असेल तर समोरची भिंत वीस फुटांवर थांबली पाहिजे. रुंदी आणि उंची यांची ही गाठ पुढे निरनिराळ्या रूपांत टिकून राहिली. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतही इमारतीची उंची रस्त्याची रुंदी अधिक पुढचे मोकळे अंतर यांच्या दीडपटीशी बांधलेली होती. अशा कोष्टकांकडे पाहताना त्यांच्या मुळाशी प्लेगच्या खोलीतला अंधार आहे, हे लक्षात असू द्यावे.

पण न्यासाची दुसरी बाजूही आहे. रस्ता सरळ काढायचा तर मधली घरे पाडावी लागतात, आणि न्यासाने जेवढी माणसे उठवली तेवढ्यांना परवडेल असा निवारा तो देऊ शकला नाही. उठलेली माणसे शेजारच्या गल्लीत गेली आणि तिथली दाटी वाढली. या पद्धतीवर सर्वांत मार्मिक टीका केली ती पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञाने. गेडिस १९१४ मध्ये भारतात आले. मुंबई इलाख्यातल्या ठाण्यासारख्या गावांवर, तंजावरवर, पुढे इंदूरवर त्यांनी अहवाल लिहिले. शहराच्या अंगावर सरळ चीर मारण्याऐवजी थोडीच, नेमकी कापाकापी करावी, असा त्यांचा आग्रह होता. हातात नकाशा घेऊन प्रत्येक बोळ पायी पाहायचा, पडके घर कुठे आहे, वापरात नसलेला परसू कुठे आहे हे टिपायचे, तेवढेच मोकळे करून तिथे झाड आणि पार ठेवायचा, आणि वाट जशी वाकडी आहे तशी राहू द्यायची. खर्च कमी, विस्थापन त्याहून कमी. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि त्यांच्यानंतर ती धुरा मालवणचे गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. न्यास आणि गेडिस यांच्यातला वाद आजही मिटलेला नाही. महापालिकांच्या सभागृहांत तो दर काही वर्षांनी नव्या नावांनी उभा राहतो. नवख्या वाचकाने या दोन टोकांपैकी एकाची बाजू घेण्याची घाई करू नये. माझे मत विचाराल तर पद्धत गेडिस यांची आणि हिशेब ऑर यांचा, दोन्ही लागतात.

देशभर लागू होतील अशी मानके येण्याची कथाही एका मराठी माणसापाशी सुरू होते. १९२७ मध्ये सरकारने रस्ते विकासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले तेच. त्या समितीच्या शिफारशीतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली आणि आजही भारतातला कुठलाही रस्ता आखताना तिच्या क्रमांकित पुस्तिका समोर ठेवल्या जातात. त्यातली १९७७ ची ६९ क्रमांकाची पुस्तिका शहरी रस्त्यांना किती जागा ठेवावी हे सांगते : मुख्य मार्गाला ५० ते ६० मीटर, उपमुख्य मार्गाला ३० ते ४०, संकलक रस्त्याला २० ते ३०, आणि स्थानिक रस्त्याला १० ते २०. मोकळ्या माळावर नवी वसाहत आखणाऱ्यासाठी हे आकडे सोयीचे. पण तेच कोष्टक घेऊन मुंबईच्या भुलेश्वरात, पुण्याच्या रविवार पेठेत किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या आतल्या गल्ल्यांत जाऊन पाहा. तिथली बहुतेक वाट कोष्टकाच्या तळच्या ओळीतही मावत नाही. दाट वस्तीतल्या मानकांचा स्वतंत्र अभ्यास लागतो तो यासाठीच.

आता आकडा वाचायचा कसा, हे पाहू. नकाशावर ‘९ मीटर’ लिहिलेले असते ते भिंतीपासून भिंतीपर्यंतचे, निदान कुंपणापासून कुंपणापर्यंतचे माप असते. गाड्या चालतात तो डांबरी पट्टा त्याचा केवळ एक भाग. म्हणून रुंदी समजून घ्यायची तर रस्त्याचा आडवा छेद काढावा. रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या १०३ क्रमांकाच्या पुस्तिकेनुसार पदपथाची चालण्यालायक रुंदी किमान १.८ मीटर हवी. दोन चाकखुर्च्या एकमेकींशेजारून जाऊ शकतात, एवढी ती जागा. दोन्ही बाजूंचे मिळून ३.६ मीटर गेले की नऊपैकी ५.४ उरतात. त्यात समोरासमोरच्या दोन मोटारी सावकाश जातात, पण कडेला एकही उभी राहू शकत नाही. एका बाजूला गाड्या लावू दिल्या की आणखी दोन मीटर गेले आणि रस्ता एकदिशा करणे भाग पडते. म्हणजे नऊ मीटरचा रस्ता दुहेरी वाहतुकीचा करायचा, की गाड्या लावण्याचा, की चालण्याचा, हे कुणीतरी ठरवावेच लागते. कुणी ठरवले नाही तर पदपथ आपोआप बळी जातो.

अग्निशमनाचा मुद्दा याच हिशेबाने तपासावा, कारण रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात तो सर्वांत पुढे असतो आणि योग्य कारणानेच असतो. बंबाची रुंदी साधारण अडीच मीटर. पण शिडी उभारायला, दारे उघडायला, होसपाइप ओढायला जागा लागते. म्हणून राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतीभोवती सहा मीटर मोकळी आणि भार पेलणारी जागा मागते, तर अशी इमारत ज्या मुख्य रस्त्यावर असेल तो किमान १२ मीटरचा असावा असे म्हणते. आता एक गणित करून पाहा. नऊ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी लावल्या तर मधे पाच मीटर उरतात. सहा मीटरच्या बोळात एकही गाडी लावू दिली नाही तर पुरे सहा मीटर मोकळे राहतात. आग विझवणाऱ्याच्या दृष्टीने अरुंद रस्ता रुंद ठरला! रुंदीकरणावर कोट्यवधी रुपये खर्च करण्याआधी पांढरा पट्टा आणि वाहतूक हवालदार यांनी काय साधते ते पाहावे, हे सुचवण्याचे धैर्य नगररचनाकारांत क्वचित आढळते.

या क्षेत्रातला सर्वांत गुंतागुंतीचा, आणि माझ्या मते सर्वांत रसाळ भाग पुढे आहे : रुंदी आणि बांधकामाचा हक्क यांची जोडी. रस्ता अरुंद असेल तर वर माणसे कमी असावीत, हे तत्त्व शहाणपणाचे. त्यानुसार राज्याने २०१६ मध्ये नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क, वापरण्यास मनाई केली. डिसेंबर २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने, जी मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना लागू आहे, चटई क्षेत्र निर्देशांकाची, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल या प्रमाणाची, सगळी शिडीच रस्त्याच्या रुंदीवर उभी केली. दाट वस्तीबाहेर मूळ निर्देशांक १.१० आहे, नऊ मीटरच्या आत तेवढ्यावरच थांबायचे, आणि रस्ता जसजसा रुंद तसतसा अधिमूल्य भरून मिळणाऱ्या बांधकामाचा आणि टीडीआरचा वाटा वाढत जातो.

परिणाम कुणी कल्पना केली नसेल असा झाला. जुन्या सोसायटीतल्या रहिवाशाला, ज्याची पडझड झालेली इमारत पुन्हा बांधायची आहे, रस्ता रुंद व्हावा असे वाटू लागले; वाहतुकीसाठी नव्हे, कागदावर नऊ मीटर दिसावेत म्हणून. पुणे महापालिकेत २०२० मध्ये सहा मीटरचे तीनशेहून अधिक रस्ते नऊ मीटरचे करण्याचा प्रस्ताव आला आणि शहरात मोठा वाद झाला. समर्थकांना पुनर्विकास दिसत होता, विरोधकांना तीच गल्ली दुप्पट माणसांनी आणि गाड्यांनी भरलेली दिसत होती. दोघेही खोटे बोलत नव्हते. वाचकांनी या वादाची कागदपत्रे मिळवून जरूर वाचावीत. मानक मुळात दाटी आवरायला आले होते, आणि तेच दाटी वाढवण्याचे साधन झाले, असा प्रवास इतक्या थोड्या वर्षांत क्वचितच पाहायला मिळतो.

यातला कायद्याचा धागा असा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त सार्वजनिक रस्त्याची रेषा आखू शकतात. मुंबईत हेच काम १८८८ च्या अधिनियमातल्या कलम २९७ ने होते. रेषा आखली म्हणून दुसऱ्या दिवशी भिंती पडत नाहीत. ज्याची इमारत रेषेच्या पुढे आली आहे, तो जेव्हा पुन्हा बांधेल तेव्हा त्याने मागे सरकायचे आणि सुटलेल्या जागेची भरपाई घ्यायची. पद्धत सौम्य आहे, पण ती काळावर सोडलेली आहे. एक घर आज मागे गेले, शेजारचे तीस वर्षांनी जाईल, त्यापुढच्याचा दावा कोर्टात आहे. मधल्या काळात रस्त्याची कड करवतीच्या पात्यासारखी दिसते. त्या खाचांत काय होते? रिक्षा उभी राहते, ट्रान्सफॉर्मर येतो, वडापावची गाडी लागते, कचऱ्याचा डबा येतो. चालणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण पदपथ सलग असेल तरच पदपथ.

शिवाय भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. सहाचे नऊ करायचे तर प्रत्येक बाजूने दीड मीटर जातो. पेठेतला जुना वाडा तोंडाला अरुंद आणि आत खोल असतो. तीस मीटर खोलीतून दीड मीटर गेला तर विसाव्या हिश्श्याचे नुकसान. रस्त्यालगतची दुकानांची ओळ मात्र उथळ असते; सहा मीटर खोलीच्या दुकानातून तेवढाच दीड मीटर म्हणजे चौथा हिस्सा, आणि दुकानदार भाडेकरू असेल तर भरपाई मालकाकडे जाण्याची शक्यता. म्हणून रुंदीकरणाचा प्रस्ताव हाती आला की आधी रुंदी नव्हे, भूखंडांची खोली पाहावी. ही सवय सुरुवातीलाच लावून घेतलीत तर नुसत्या नकाशावरून विरोध कुठून येणार हे बऱ्याच अंशी सांगता येईल.

दाट शहरांनी याहून वेगळी उत्तरेही शोधली आहेत. जपानचा १९५० चा इमारत मानक कायदा प्रत्येक भूखंडाला किमान चार मीटर रुंदीच्या रस्त्याला लागून असण्याची अट घालतो. गल्ली त्याहून अरुंद असेल तर नवे बांधकाम करणाऱ्याने साधारणपणे तिच्या मध्यरेषेपासून दोन मीटर मागे सरायचे. समोरचा रस्ता १२ मीटरपेक्षा कमी असेल तर निवासी भागात रुंदीच्या मीटरना ०.४ ने गुणून येईल तेवढाच निर्देशांक. रुंदीला हक्क जोडण्याची कल्पना आपल्यासारखीच, पण प्रत्येक मीटरबरोबर सलग वाढणारी. नऊ मीटरवर एकदम दार उघडते तशी नाही. त्यामुळे उंबरठा ओलांडण्यासाठीची धडपड तिथे कमी तीव्र होते. त्यातच जपानमध्ये मोटार घेण्यापूर्वी ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी द्यावा लागतो, म्हणून टोकियोतल्या चार मीटरच्या गल्लीतही पोर सायकल शिकू शकते. तुलना करताना हा दुसरा नियम विसरला तर पहिल्याचे कौतुक फसवे ठरते.

आपल्याकडेही रुंदी न वाढवता वाटणी बदलण्याचे प्रयत्न झाले आहेत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्यावरची जागा वाहनांपेक्षा माणसांना वाटावी असे म्हटले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण आणि रस्ता आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि जंगली महाराज रस्त्याच्या पदपथांना मिळालेली रुंदी त्या विचाराचीच. अर्थात जंगली महाराज रस्ता मुळात ऐसपैस. बोहरी आळीसारख्या अरुंद गल्लीत हे कसे करायचे, याचे उत्तर त्या मार्गदर्शक तत्त्वांत पुरेसे सापडत नाही.

अभ्यासाला सुरुवात कुठून करावी? शक्य असल्यास स्वतःच्या गल्लीपासून. एक मापपट्टी आणि एक सोबती घेऊन सकाळी लवकर, गाड्यांची गर्दी होण्याआधी, पाच-सहा ठिकाणी भिंत ते भिंत माप घ्यावे. माप प्रत्येक ठिकाणी वेगळे येईल. त्याने गोंधळून जाऊ नये, कारण कागदावरचा एकच आकडा आणि जमिनीवरचे अनेक आकडे यांच्यातला फरक हाच आपला विषय आहे. मग संध्याकाळी सातला तिथेच थांबून खरोखर मोकळी राहिलेली रुंदी मोजावी. त्यानंतर विकास आराखड्याचा नकाशा आणि सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका पाहावी. आणि शेवटी गल्लीतल्या जुन्या माणसांशी बोलावे : कुणाचा ओटा गेला, कुणाला नोटीस आली, कुणाला भरपाई मिळाली.

पुढील पानांचा क्रम इतिहासाकडून मोजमापाकडे आणि तिथून कायद्याकडे जातो. हा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आडव्या छेदांपासून आरंभ करावा, कारण त्यांचा हात तिथे लगेच चालतो. ज्यांच्या घरी नोटीस आलेली आहे त्यांनी थेट रस्तारेषेच्या प्रकरणाकडे वळावे. मुंबईत राहणाऱ्यांनी तिथली कलमे वेगळी आहेत हे ध्यानात घ्यावे. आणि ज्यांना कलमांची धास्ती वाटते, त्यांनी तो भाग शेवटी ठेवून आधी प्लेगच्या मुंबईत एक फेरी मारून यावे.